बायोप्सी रिपोर्टमधले रंग: तोंडातला चट्टा पुढे कॅन्सर होईल का, हे खरंच सांगता येतं?

व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ येते. काकांच्या गालाच्या आत पांढरा चट्टा होता, डेंटिस्टने त्यातला छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला होता, त्याचा हा रिपोर्ट. घरात इंग्रजी आणि मोबाइल दोन्ही जमणारे तुम्हीच. त्यामुळे फॅमिली ग्रुपवर सगळ्यांचं एकच सुरू होतं, "बघ रे जरा, काय लिहिलंय?" रिपोर्टमध्ये ‘ल्युकोप्लाकिया’ असतं, ‘मॉडरेट एपिथेलियल डिस्प्लेशिया’ असतं, कधी कधी खाली ‘पी५३’ आणि ‘केआय-६७’ अशी कोडं असतात. तुम्ही तो मजकूर कॉपी करून चॅटबॉटला देता. तो पानभर उत्तर देतो. पण काकूंना हवं असलेलं एका वाक्याचं उत्तर त्यात नसतं: "कॅन्सर आहे की नाही? आणि नसेल, तर पुढे होणार का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर रिपोर्ट बहुतेक वेळा स्पष्ट देतो. दुसरा प्रश्न अवघड आहे. सध्या याच दुसऱ्या प्रश्नाभोवती बरेच दावे फिरतायत. "फोटो काढा, धोका ओळखा" म्हणणारी ॲप्स आली आहेत. स्लाइड स्कॅन करून एआय भविष्य सांगेल, अशा बातम्याही येतात. यातलं काय खरं, काय अर्धवट आणि काय आपल्या कामाचं, ते नीट बघू.

हा प्रश्न आपल्याकडे एवढा मोठा का?

जागतिक कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे ३ लाख ९० हजार नवे रुग्ण सापडले. त्यातले जवळपास १ लाख ४३ हजार एकट्या भारतात होते, म्हणजे तीनातला एक आपला. त्याच वर्षी भारतात या कॅन्सरने सुमारे ८० हजार माणसं गेली.

कारण शोधायला लांब जायला नको. टपरीवर बघा. गुटखा, मावा, विदर्भातला खर्रा, घराघरात दातांना लावली जाणारी मिश्री. २०२४ मध्ये आलेल्या एका जागतिक विश्लेषणानुसार भारतातले वर्षाला सुमारे ८३ हजार तोंडाचे कॅन्सर हे धूरविरहित तंबाखू आणि सुपारीमुळे होतात. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. ती किती पाळली जाते, हे कोपऱ्यावरच्या लाल पिचकाऱ्या सांगतातच. आणि "मी तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो" म्हणणाऱ्या मित्राला हेही सांगा, की सुपारी स्वतःच कॅन्सर करणारी आहे. हे २००४ सालीच जाहीर झालंय.

तोंडाचा कॅन्सर बऱ्याचदा एकदम उगवत नाही. आधी चट्टा दिसतो. पांढऱ्याला ल्युकोप्लाकिया म्हणतात, लाल मखमलीसारख्याला एरिथ्रोप्लाकिया. सुपारीमुळे गाल आतून कडक होऊन तोंड उघडेनासं होतं, त्याला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. डॉक्टर या सगळ्यांना मिळून ‘कॅन्सर होण्याची शक्यता असलेले विकार’ म्हणतात. यातला ‘शक्यता’ हा शब्द महत्त्वाचा आहे. २०२० मध्ये अनेक अभ्यासांची बेरीज करून काढलेले आकडे सांगतात, की ल्युकोप्लाकियातल्या सुमारे ९.५ टक्के लोकांना पुढे कॅन्सर झाला, सबम्युकस फायब्रोसिसमध्ये सुमारे ५ टक्के आणि एरिथ्रोप्लाकियात ३३ टक्के लोकांना.

म्हणजे पांढरा चट्टा असलेल्या दहांपैकी नऊ जणांना कॅन्सर होत नाही. पण तो दहावा कोण, हे आधी कसं ओळखायचं? सगळ्यांचे चट्टे कापून काढले, तर नऊ जणांना विनाकारण त्रास. कुणाचेच काढले नाहीत, तर एकाचा जीव धोक्यात. ऊती रंगवून अंदाज बांधायचा खटाटोप यासाठीच आहे.

आधी रंग कशाला लागतो?

काढलेला तुकडा फॉर्मलिनमध्ये ठेवतात, मग मेणात बसवतात आणि त्याचे साधारण चार मायक्रॉन जाडीचे काप काढतात. आपला केस यापेक्षा पंधरा-वीस पट जाड असतो. एवढा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ पारदर्शक दिसतो. काहीच कळत नाही. म्हणून रंग लागतो.

रोजच्या वापरातली जोडी एकोणिसाव्या शतकापासून तीच आहे: हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन. हिमॅटॉक्सिलिन मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून मिळतं. तुरटीच्या क्षारासोबत ते पेशीच्या केंद्रकातल्या डीएनएला धरतं आणि केंद्रक निळं-जांभळं दिसतं. इओसिन बाकीच्या प्रथिनांना गुलाबी करतं. क्लाउड, एआय, जीनोम वगैरे सगळं आलं, तरी कॅन्सरचं निदान आजही मुख्यतः या निळ्या-गुलाबी स्लाइडवरच होतं.

पॅथॉलॉजिस्ट त्यात काय बघतात? निरोगी अस्तर नीट रचलेल्या भिंतीसारखं असतं. खाली नव्या पेशी तयार होतात, वर सरकताना चपट्या होतात आणि गळून जातात. बिघाड सुरू झाला की केंद्रकं मोठी आणि जास्त गडद होतात, आकार वेडेवाकडे होतात, थरांची शिस्त मोडते, पेशींचं विभाजन नको तितक्या वर दिसायला लागतं. या बिघाडाला ‘डिस्प्लेशिया’ म्हणतात. त्याचे तीन दर्जे: सौम्य, मध्यम, तीव्र. काकांच्या रिपोर्टमधलं ‘मॉडरेट’ ते हेच. डिस्प्लेशिया म्हणजे कॅन्सर नव्हे. पेशींची वागणूक बिघडलीय, पण त्या अजून आपली हद्द ओलांडून खाली घुसलेल्या नाहीत, असा त्याचा अर्थ.

मग दर्जावरून भविष्य कळतं का? थोडंफार. २००९ मध्ये १४ अभ्यासांमधल्या ९९२ रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिलं गेलं. डिस्प्लेशिया असलेल्यांपैकी सुमारे १२ टक्क्यांना कॅन्सर झाला, सरासरी चार वर्षांहून थोड्या जास्त काळाने. तीव्र गटात हे प्रमाण सुमारे २४ टक्के होतं, सौम्य आणि मध्यम गटात सुमारे १० टक्के. फरक आहे, पण उलट बाजूने वाचा: तीव्र गटातल्याही चारपैकी तिघांना त्या काळात कॅन्सर झाला नाही, आणि सौम्य-मध्यम वाल्या दहांपैकी एकाला झाला.

दुसरी अडचण माणसांची. मध्यम कुठे संपतं आणि तीव्र कुठे सुरू होतं, यावर दोन अनुभवी पॅथॉलॉजिस्टचं मत वेगळं पडू शकतं. तिसरी अडचण जागेची. चट्टा दोन सेंटिमीटरचा आणि तुकडा चार मिलिमीटरचा असेल, तर सगळ्यात बिघडलेली जागा तुकड्यात आलीच असेल, याची खात्री नाही. शिवाय तंबाखू वर्षानुवर्षं पूर्ण तोंडात फिरलेली असते, त्यामुळे चट्ट्याच्या बाहेरचं, डोळ्यांना चांगलं दिसणारं अस्तरही आतून बिघडलेलं असू शकतं. हे निरीक्षण १९५३ पासून माहीत आहे. चट्टा काढून टाकल्यावर धोका कमी होतो, पण शून्य होत नाही, याचं हे एक मोठं कारण.

पी५३ आणि केआय-६७: रंगाने विचारलेले नेमके प्रश्न

निळा-गुलाबी रंग पेशीचा चेहरा दाखवतो. तिच्या आत काय शिजतंय, हे विचारायचं तर वेगळी पद्धत लागते. कोविडमुळे ‘अँटिबॉडी’ हा शब्द आपल्याला पाठ झाला. अँटिबॉडी एका ठरावीक प्रथिनालाच जाऊन चिकटते. प्रयोगशाळेत अशी अँटिबॉडी स्लाइडवर सोडतात आणि ती जिथे चिकटते तिथे तपकिरी रंग उमटेल अशी व्यवस्था करतात. तपकिरी दिसलं, म्हणजे ते प्रथिन तिथे आहे. या पद्धतीला इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री म्हणतात.

केआय-६७ हे विभाजन सुरू असलेल्या पेशींत सापडणारं प्रथिन. नावातलं ‘केआय’ जर्मनीतल्या कील शहरावरून आलंय. निरोगी तोंडात तपकिरी ठिपके तळाजवळच्या थरांत दिसतात. बिघाड वाढतो तसे ते वर चढत जातात. म्हणजे कारखाना तळमजल्यावर असायला हवा, तो वरच्या मजल्यांवरही सुरू झालाय.

पी५३ जरा गमतीशीर आहे. हे पेशीचं रखवालदार प्रथिन: डीएनए बिघडला तर विभाजन थांबवणारं. चांगलं पी५३ काम झालं की लवकर मोडीत निघतं, म्हणून निरोगी अस्तरात त्याचा रंग फिकट आणि तुरळक दिसतो. त्याच्या जनुकात बिघाड झाला, तर बरेचदा खराब प्रथिन साचत जातं आणि स्लाइड गडद तपकिरी होते. पण काही बिघाड असे असतात की प्रथिन तयारच होत नाही. मग रंग अजिबातच दिसत नाही. म्हणजे फार गडद हेही वाईट आणि पूर्ण कोरं हेही वाईट! नुसतं ‘पॉझिटिव्ह की निगेटिव्ह’ एवढंच वाचून चालत नाही, ते यासाठी. रंगाचा नमुना कसा पडलाय, हे बघावं लागतं. त्यात सूज किंवा जखम असेल तरी पी५३ थोडं वाढलेलं दिसू शकतं.

आणखी एक रंग थेट तोंडात वापरतात: टोल्युडिन ब्लू. तो लावून धुतल्यावर संशयास्पद जागा निळी राहते. तुकडा नेमका कुठून घ्यायचा, हे ठरवायला तो मदत करतो. पण साध्या जखमेतही तो निळा राहू शकतो, म्हणून त्याच्यावर निदान करत नाहीत.

थोडक्यात, हे मार्कर अंदाज सुधारतात. पण एकटा कुठलाही मार्कर "या माणसाला कॅन्सर होणार" किंवा "होणार नाही" असं ठामपणे सांगण्याइतका भरवशाचा अजून झालेला नाही.

एआय इथे काय करतं?

काचेची स्लाइड आता स्कॅन करता येते. साधारण १५ मिलिमीटर लांब-रुंद तुकडा, एका पिक्सेलला पाव मायक्रॉन या हिशेबाने स्कॅन केला, तर फोटो ६०,००० गुणिले ६०,००० पिक्सेलचा होतो. म्हणजे ३६० कोटी पिक्सेल. तुमच्या ५० मेगापिक्सेल कॅमेऱ्याचे ७२ फोटो एकमेकांना जोडल्यासारखं. माणूस यातली प्रत्येक पेशी मोजू शकत नाही, मशीन मोजू शकतं.

२०२४ मध्ये ब्रिटनमधल्या वॉरिक आणि शेफिल्ड विद्यापीठांच्या संशोधकांनी अशी पद्धत मांडली. साध्या निळ्या-गुलाबी स्लाइडवरून डिस्प्लेशियाची जागा ओळखायची, तिथल्या केंद्रकांची मापं घ्यायची आणि पुढच्या धोक्याचा स्कोअर द्यायचा. यातला फायदा असा, की वेगळा महागडा रंग लागत नाही. रोज होणारी स्लाइडच पुरते. आणि मशीन कंटाळत नाही.

मग अडचण कुठे? रंगातच. एकच दृश्य दोन फोनवर काढलं तर एकाचा फोटो पिवळट येतो, दुसऱ्याचा निळसर. स्लाइडचंही तसंच. रंग किती मिनिटं ठेवला, काप किती जाड, तुकडा फॉर्मलिनमध्ये वेळेवर पडला का, स्कॅनर कुठला, यावर छटा बदलते. पॅथॉलॉजिस्टचा डोळा हे सांभाळून घेतो. मॉडेल मात्र भलतंच शिकू शकतं. स्लाइडवरून ती कुठल्या केंद्रातून आली हे मॉडेलला ओळखता येतं, असं २०२१ मधल्या एका अभ्यासात दिसलं. समजा, एका मोठ्या हॉस्पिटलकडे गंभीर रुग्ण जास्त जातात. तर मॉडेल आजार न शिकता ‘या छटेची स्लाइड म्हणजे धोका’ एवढंच शिकून बसेल. कागदावर गुण उत्तम, आणि दुसऱ्या गावातल्या लॅबची स्लाइड दिली की नापास.

आपल्यासाठी दुसरा मुद्दा. युरोपातल्या रुग्णांमध्ये सिगारेट आणि दारू जास्त, आपल्याकडे सुपारी आणि चघळायची तंबाखू. सबम्युकस फायब्रोसिसमध्ये अस्तर पातळ होतं आणि खालचा भाग घट्ट होतो. ते चित्रच वेगळं. तिकडच्या स्लाइडवर तयार झालेलं मॉडेल इथे जसंच्या तसं चालेल, असं गृहीत धरता येत नाही. त्यासाठी इथले रुग्ण, इथल्या स्लाइड आणि पाच-दहा वर्षांचा पाठपुरावा हवा. आणि हे आपल्याकडे जमत नाही असंही नाही. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडं तपासली होती. तीही मोबाइल, इंटरनेट काहीच नसताना.

नॉर्वेचा धडा

‘भविष्य सांगणारा रंग’ याआधीही एकदा गाजला होता. २००१ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नामांकित मासिकात नॉर्वेच्या यॉन सुदबो आणि सहकाऱ्यांचा लेख आला. चट्ट्यातल्या पेशींचं केंद्रक रंगवून त्यातल्या डीएनएचं प्रमाण मोजायचं. प्रमाण नॉर्मल असेल, तर १०५ पैकी फक्त ३ जणांना कॅन्सर. प्रमाण विस्कटलेलं असेल, तर २५ पैकी २१ जणांना, म्हणजे ८४ टक्के. एवढं स्वच्छ उत्तर या विषयात कुणी दिलं नव्हतं. जगभरातल्या डॉक्टरांना वाटलं, सापडलं!

ऑक्टोबर २००५ मध्ये सुदबो यांचा आणखी एक लेख लॅन्सेटमध्ये आला, तो वेदनाशामक गोळ्या आणि तोंडाच्या कॅन्सरबद्दल होता. त्यात ९०८ लोकांची माहिती होती. नॉर्वेतल्या सार्वजनिक आरोग्य संस्थेच्या कामिला स्टोल्टेनबर्ग यांनी तो वाचला आणि त्यांना खटकलं, की ज्या डेटाबेसचा हवाला दिलाय तो तर त्या वेळी खुलाच झालेला नव्हता. चौकशी झाली. ९०८ लोक बनावट निघाले. त्यातल्या २५० जणांची जन्मतारीख एकच होती! लॅन्सेटने लेख मागे घेतला. मग जुने लेख तपासले गेले आणि २००१ चा तो डीएनएचा लेखही २००६ मध्ये मागे घेण्यात आला. सुदबो यांचा वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय परवाना गेला.

डीएनए मोजायची कल्पना मात्र खोटी नव्हती. इतर संशोधकांनी ती प्रामाणिकपणे तपासली. २०१३ मध्ये लंडनच्या एका मोठ्या अभ्यासात, डीएनए विस्कटलेल्यांपैकी सुमारे ३८ टक्क्यांना पुढे कॅन्सर झाल्याचं दिसलं. ८४ नाही, ३८. उपयोगी माहिती, पण भविष्यवाणी नव्हे. मधल्या पाच वर्षांत त्या खोट्या ८४ टक्क्यांच्या आधारावर जगात कुठे कुठे रुग्णांना सल्ले दिले गेले असतील, याचा विचार करा. म्हणून "आमचं एआय ९५ टक्के अचूक" अशी रील दिसली की तीन गोष्टी विचारायच्या: कुणावर तपासलं, किती वर्षं पाठपुरावा केला, आणि दुसऱ्या कुणी स्वतंत्रपणे पडताळलं का?

मग फोटोवाली ॲप्स बिनकामाची?

तसंही नाही. केरळमध्ये झालेल्या एका मोठ्या चाचणीत प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन फक्त डोळ्यांनी तोंडं तपासली. २००५ मध्ये त्याचे निकाल आले. तंबाखू किंवा दारूचं सेवन करणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले होते. वेळेवर नुसतं बघण्यातही एवढी ताकद आहे. ज्या तालुक्यात तज्ज्ञ नाही, तिथून चांगला फोटो तज्ज्ञापर्यंत पोचवणारं तंत्रज्ञान त्यामुळे नक्कीच मोलाचं ठरू शकतं.

फक्त कोण कुठल्या प्रश्नाचं उत्तर देतंय, हे गोंधळू नका. फोटो सांगू शकतो, "ही जागा दाखवायला हवी." रंगवलेली स्लाइड सांगते, "आज पेशी अशा आहेत." मार्कर आणि एआय मिळून सांगू पाहतायत, "पुढे धोका कमी-जास्त किती." ॲपने ‘लो रिस्क’ म्हटलं म्हणून बायोप्सी टाळणं, ही या साखळीतली सगळ्यात महागात पडणारी चूक. कॅमेऱ्याला वरचा पृष्ठभाग दिसतो, केंद्रक दिसत नाही.

तुमच्या हातात काय आहे?

* तोंडात चट्टा, गाठ किंवा जखम दोन आठवड्यांत गेली नाही, किंवा तोंड पूर्वीइतकं उघडत नाही, तर डेंटिस्टकडे जा. दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीचे चट्टे बहुतेक वेळा दुखतच नाहीत.
* फोनचा उपयोग करा: दर महिन्याला त्याच जागेचा, त्याच उजेडात, फ्लॅश लावून फोटो काढा. बदल दाखवायला हे फोटो डॉक्टरांना खूप कामाला येतात.
* रिपोर्टबद्दल डॉक्टरांना हे विचारा: डिस्प्लेशियाचा दर्जा कुठला? तुकडा सगळ्यात संशयास्पद जागेचा होता का? चट्टा काढायचा की लक्ष ठेवायचं? पुढची तपासणी कधी?
* स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक यांची चौकशी करून ठेवा. दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत घ्यायचं, तर ते पीडीएफवर नाही, स्लाइडवर मिळतं. पुढे नवा मार्कर तपासायचा झाला, तरी तोच ब्लॉक लागतो.
* चॅटबॉटला रिपोर्ट द्यायचाच असेल, तर नाव, नंबर, हॉस्पिटलचा आयडी काढून टाका. शब्दांचे अर्थ विचारा, निर्णय विचारू नका. त्याने स्लाइड पाहिलेली नाही.

आणि काकूंच्या प्रश्नाचं उत्तर? ते असं द्या: "आज कॅन्सर नाहीये. पुढे होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त आहे, पण बहुतेकांना होत नाही. चट्ट्याचं काय करायचं ते डॉक्टरांशी बोलून ठरवू, आणि तपासणीची एकही तारीख चुकवायची नाही." मग तीच तारीख काकांच्या नाही, तुमच्या फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, रिमाइंडरसकट. आणि काकांच्या खिशातली ती पुडी आजच बाहेर काढा. कारण चट्ट्याचं पुढचं वागणं ठरवणाऱ्या गोष्टींपैकी आपल्याला बदलता येण्यासारखी ती एक गोष्ट आहे, आणि तिच्यासाठी ना लॅब लागते, ना एआय.